गोव्याहून गेलेला गेंडा

पोर्तुगीज गव्हर्नर आफोंसू द आल्बुकर्कला दीवमध्ये किल्ला हवा होता. १५१४ मध्ये त्यानं आपले वकील गुजरातच्या सुलतानाकडे पाठवले. दुसरा मुजफ्फरशाह कच्च्या गुरूचा चेला नव्हता. किल्ल्याचं त्यानं जमू दिलं नाही, पण वकिलांना रिकाम्या हातानं परत पाठवायचं नाही म्हणून भेटवस्तू दिल्या, आणि त्यांत एक जिवंत गेंडा दिला. त्या सप्टेंबरात गेंडा गोव्यात उतरला. आदिलशाहीकडून गोवा घेऊन आल्बुकर्कला तेव्हा जेमतेम चार वर्षं झाली होती. हे अवाढव्य जनावर ठेवायचं कुठे आणि पोसायचं कुणी? त्यानं ते सरळ आपल्या राजाच्या गळ्यात घातलं. जानेवारी १५१५ मध्ये मसाल्याच्या जहाजावर चढून गेंडा आणि ओसेम नावाचा त्याचा रखवालदार लिस्बनकडे निघाले.

वुडकटच्या, म्हणजे लाकूड कोरून घेतलेल्या छाप्याच्या, कुठल्याही इतिहासात हा गेंडा भेटतोच. न्यूरेंबर्गच्या आल्ब्रेख्त ड्यूरर या चित्रकारानं त्याच वर्षी केलेलं त्याचं चित्र निम्म्या जगानं कुठे ना कुठे पाहिलेलं असतं. ड्यूररनं गेंडा कधी पाहिला नव्हता तरी असं चित्र काढलं, हे सगळे कौतुकानं सांगतात. मी आयुष्यभर मुद्राचित्रण शिकवलं, लाकूड कोरताना बोटं कापून घेतली, आणि माझं म्हणणं जरा वेगळं आहे. त्या गेंड्याच्या अंगावरचं चिलखत जितकं ड्यूररचं, तितकंच लाकडाचं आहे.

हे म्हणायला मी काही न्यूरेंबर्गला वाढलेलो नाही. आम्ही भावसार, जालन्याचे. आजोबांपर्यंत घरात कापड रंगवायचं आणि छापायचं काम होतं. माळ्यावर सागवानी ठशांची एक पेटी होती: कोयऱ्या, वेली, किनारीची बुट्टी. प्रत्येक ठशाला मागे मूठ, आणि आरपार बारीक भोकं. कापडावर ठसा ठोकला की मध्ये कोंडलेली हवा त्यातून निघून जाते आणि रंग फुगत नाही. आजोबा गेले, रंगाची मडकी गेली, पेटी राहिली. जे. जे.त मुद्राचित्रणाच्या वर्गात पहिल्यांदा लाकडाचा ठोकळा समोर आला तेव्हा मला नवल वाटलं नाही, थोडा कंटाळाच आला. घरचंच काम, असं वाटलं. ते तसं नाही हे कळायला वेळ लागला.

तर गेंडा. मोझांबिक, सेंट हेलेना, अझोर्स असं करत जहाज चार महिन्यांनी, २० मे १५१५ ला लिस्बनला लागलं. बेलेंचा बुरूज तेव्हा बांधून होत होता. त्याच्या एका बुरजीखाली आजही झिजलेलं गेंड्याचं तोंड दगडात आहे. रोमन काळानंतर युरोपात गेंडा कुणी पाहिलेला नव्हता. रोमन लेखक प्लिनीनं लिहून ठेवलं होतं की हत्ती आणि गेंडा हाडवैरी. राजा मानुएलला ते पडताळून पाहायची हुक्की आली. ३ जूनला दोघांना समोरासमोर आणलं. हत्ती वयानं लहान होता. गेंडा पुढे येताच त्यानं धूम ठोकली. प्लिनी जिंकला.

(दहा वर्षांनी, पानिपताच्या आधीच्या हिवाळ्यात, बाबरलाही पेशावरच्या आसपास हाच प्रश्न पडला होता: गेंडा हत्तीसमोर आला तर काय करेल? त्यानं हत्ती पुढे घालायला लावले आणि गेंडा पळून गेला. हे त्यानं स्वतःच लिहून ठेवलं आहे. प्लिनी त्यानं वाचला नव्हता, हे बरंच झालं.)

लिस्बनहून बातमी निघाली ती कागदावर. रोममध्ये १३ जुलैला, म्हणजे गेंडा उतरून आठ आठवडे व्हायच्या आत, पेन्नी नावाच्या एका डॉक्टरानं त्याच्यावर रचलेलं काव्य छापून बाहेर आलं. मुखपृष्ठावर गेंड्याचा ओबडधोबड वुडकट. लिस्बनमध्ये राहणारा मोराव्हियाचा मुद्रक व्हालेंतिम फेर्नांदेश यानं न्यूरेंबर्गच्या व्यापाऱ्याला पत्र लिहून जनावराचं वर्णन कळवलं. कुणीतरी रेखाटनही पाठवलं. ते आता उरलेलं नाही. एवढ्या भांडवलावर ड्यूररनं आधी पेनानं चित्र काढलं, जे ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, आणि मग लाकडावर उतरवलं. त्याच वर्षी आउग्सबुर्गमध्ये हान्स बुर्कमायर यानंही गेंडा छापला. एका वर्षात, तीन शहरांत, तीन गेंडे. लाकडाचा ठोकळा शिशाच्या खिळ्यांच्या उंचीचा करता येतो. मजकुराशेजारी बसवून दोन्ही एकाच दाबात छापता येतात. तांब्याच्या पत्र्याला हे जमत नाही, त्याला वेगळं यंत्र लागतं, वेगळा वेळ लागतो. बातमीचं चित्र लाकडाचंच असायचं ते म्हणून.

आता लाकडाचं सांगतो. वुडकटमध्ये जे दिसायला हवं ते ठेवायचं आणि बाकी सगळं काढून टाकायचं. पेनानं एक रेघ मारायला क्षण लागतो. लाकडात तीच रेघ उभी ठेवायला तिच्या दोन्ही अंगांनी सुरी चालवायची, तीही बाहेरच्या बाजूला तिरपी, म्हणजे रेघ शेताच्या बांधासारखी खाली रुंद आणि वर अरुंद राहते. सरळ उभी कापली तर दाबाखाली तुटते. मग मधलं लाकूड पटाशीनं उचलायचं. सावलीसाठी आडव्याउभ्या रेघांची जाळी केली तर आणखी पंचाईत. तांब्यावर जाळी म्हणजे एका रेघेवरून दुसरी रेघ. लाकडात जाळीतला प्रत्येक बारीक चौकोन चारही बाजूंनी कापून वेगळा खणून काढावा लागतो. लाकडाला करडा रंग ठाऊक नाही. शाई लागते किंवा लागत नाही.

याचा परिणाम चित्र काढणाऱ्याच्या हातावर होतो. लाकडासाठी काढताना हात आपोआप कडा शोधायला लागतो. माझे विद्यार्थी कोळशानं म्हैस काढायचे तेव्हा ती मऊ यायची, पोटाखाली सावली विरघळायची. तीच म्हैस ठोकळ्यावर आली की तिच्या अंगाचे भाग पडायचे: इथे खांदा संपला, इथे बरगडी सुरू झाली. ते चुकत नव्हते. लाकूड तसंच मागतं.

ड्यूरर तर लाकडातच वाढलेला. त्याचा धर्मपिता आंटोन कोबेर्गर मोठा मुद्रक. त्याचा गुरू मिखाएल वोल्गेमुट, ज्याच्या कारखान्यात १४९३ च्या न्यूरेंबर्ग बखरीची चित्रं झाली. त्या बखरीत १,८०९ चित्रं आहेत आणि ठोकळे फक्त ६४५. एकच शहर एका पानावर दमास्कस, दुसऱ्यावर मिलान, तिसऱ्यावर मांतुआ. वाचणाऱ्यानं तक्रार केली नाही, कारण त्याला शहराचं चित्र हवं होतं, ते कुठलं याची फारशी पर्वा नव्हती. अशा दुकानात शिकून ड्यूररनं १४९८ मध्ये बायबलमधल्या जगाच्या अंताची पंधरा मोठी चित्रं स्वतः छापून स्वतः विकली, आणि लाकडातून तोवर कुणी न काढलेली बारीक, वळणदार रेघ काढून दाखवली. वुडकटला कलेचा मान मिळाला तो त्या पंधरा चित्रांपासून, असं मी मानतो. त्याआधी तो खेळायचे पत्ते आणि जत्रेतले संत छापायचा धंदा होता.

हिंदुस्थानी गेंड्याच्या कातडीला मानेवर, खांद्यावर, मांडीवर खोल घड्या असतात आणि अंगभर टेंगळं असतात. हे पत्रातून कळवलेलं वाचून लाकडासाठी चित्र काढायचं म्हटल्यावर काय होईल? घडीची कड होते, कडेचा पत्रा होतो, टेंगूळ म्हणजे गोल, गोल म्हणजे रिबिटाचं डोकं. पेनाच्या चित्रातही चिलखत आहेच, पण छाप्यात ते अधिक घट्ट झालं. पायांवर खवले आले, पाठीमागच्या पत्र्याला करवतीचे दाते आले. मानेच्या मागे एक छोटं पिळाचं शिंग उगवलं. ते कुठून आलं याबद्दल विद्वानांचे वाद आहेत. न्यूरेंबर्ग चिलखतांसाठी प्रसिद्ध होतं, तेही डोक्यात असणार. चित्रावर शिशाच्या खिळ्यांत मजकूर आहे, त्यात गेंडा १ मे १५१३ ला आला असं बिनदिक्कत छापलं आहे. तारीख चुकली, वर्षही चुकलं.

बुर्कमायरचा गेंडा यापेक्षा खरा आहे. कातडी कातडीसारखी, पुढच्या पायांना दोर बांधलेला. कैदेतलं, थकलेलं जनावर. त्याची एकच प्रत आज शिल्लक आहे, व्हिएन्नाच्या आल्बेर्टीनामध्ये. ड्यूररच्या गेंड्याला दोर नाही. तो चौकटीत अंग चोरून उभा आहे, नाकावरचं शिंग कडेला भिडायला आलेलं, शेपटी मागच्या कडेला. जागा एवढी कमी ठेवली की जनावर आपोआप मोठं वाटतं. चित्र प्रत्यक्षात फुटाहून लहान आहे. ड्यूररच्या हयातीत त्याच्या चार-पाच हजार प्रती खपल्या असाव्यात असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्याची बायको आग्नेस जत्रांमध्ये त्याचे छापे विकायला बसायची, हेही लक्षात ठेवायला हवं.

आणि इकडे? ज्या मुलखातून गेंडा गेला तिथे त्याला नीट पाहिलेले लोक फार आधीपासून होते. मोहेंजोदडोच्या मुद्रांवर गेंडा कोरलेला आहे, मानेच्या घड्यांसकट, आणि त्या मुद्रा ओल्या मातीत दाबून ठसा उठवण्यासाठीच होत्या. १९७४ मध्ये प्रवरेकाठी दायमाबादला एका शेतकऱ्याला जे चार ब्राँझ सापडले त्यात चाकांवर उभा असलेला गेंडा आहे. आपल्या नगर जिल्ह्यात! अकबराच्या काळात बाबरनामा फारसीत आला, तेव्हा चित्रकारांनी बाबराच्या गेंड्यांच्या शिकारी रंगवल्या. पण ती पोथी बादशहाच्या ग्रंथालयात. पाहणारे किती? दरबारातले मोजके. न्यूरेंबर्गच्या बाजारातला खोटा गेंडा मात्र कुणीही थोड्या पैशांत घरी नेऊन भिंतीवर चिकटवत होता.

मला इथे खरी बोच आहे ती दुसरीच. लाकडी ठसा कोरायची विद्या आपल्याकडे नव्हती असं मुळीच नाही. ज्या गुजरातच्या सुलतानानं गेंडा दिला, त्याच गुजरातचं ठशांनी छापलेलं सुती कापड शतकानुशतकं समुद्रापार जात होतं. इजिप्तमध्ये जुन्या कैरोजवळ फुस्तातला त्याचे ढिगानं तुकडे सापडले. ऑक्सफर्डच्या अॅशमोलियन म्युझियममध्ये त्यांचा मोठा संग्रह आहे आणि त्यातले काही हजार वर्षांपूर्वीचे आहेत. चीननं कागदावर लाकडाचा छापा ८६८ मध्येच घेतला होता, बुद्धाच्या चित्रासकट, आणि त्यात छापलेलं वज्रच्छेदिका सूत्र मूळचं आपल्याच देशातलं. युरोपात कागदावरचा छापा १४०० च्या सुमाराला आला. त्याआधी तेही लाकडानं कापडच छापत. म्हणजे आपल्याकडे कोरणारे हात होते, लाकूड होतं, शाई होती, पंधराव्या शतकात कागदही होता. आमच्या पेटीतली कोयरी कोरणाऱ्या माणसाला गेंडा कोरणं अवघड नव्हतं. त्याला तो कुणी मागितला नाही. आपल्याकडे पोथी लिहून घ्यायची, चित्र रंगवून घ्यायचं, आणि ते एकच असण्यात त्याचा मान. सगळ्यांना एकच चित्र मिळावं, ही गरज कुणाला वाटली नाही. कारागिरी कमी पडली असं समजू नये. गिऱ्हाईक कमी पडलं.

छापखाना गोव्यात आला १५५६ मध्ये, गेंडा गेल्यावर एक्केचाळीस वर्षांनी, आणि तोही चुकून. तो निघाला होता अॅबिसिनियासाठी. गोव्यात थांबला तो सेंट पॉल कॉलेजातच राहिला. पुढे १६१६ मध्ये फादर स्टीफन्सचं क्रिस्तपुराण रायतूरला छापलं गेलं, तेही रोमन लिपीत, कारण देवनागरी खिळे तयार नव्हते. मराठी ओव्या, रोमन अक्षरं. त्यावर स्वतंत्र लिहायला हवं.

गेंड्याचं पुढे काय झालं ते थोडक्यात. मानुएलनं त्याला पोपला नजर करायचं ठरवलं. पोप दहाव्या लिओला त्यानं आधीच एक हत्ती पाठवला होता. डिसेंबर १५१५ मध्ये गळ्यात हिरव्या मखमलीचा पट्टा बांधून गेंडा पुन्हा जहाजावर चढला. वाटेत मार्सेजवळ फ्रान्सच्या राजानं त्याला पाहिलं. १५१६ च्या सुरुवातीला इटलीच्या किनाऱ्यावर, पोर्तो व्हेनेरेजवळ वादळात जहाज बुडालं. गेंडे पट्टीचे पोहणारे असतात, पण हा डेकला साखळदंडानं जखडलेला होता.

कागदावरच्या गेंड्याला मात्र मरण नव्हतं. १५५१ पासून कॉनराड गेसनरच्या प्राणिशास्त्राच्या ग्रंथात तो आला, सेबास्टियन म्युन्स्टरच्या भूगोलात आला, आणि तिथून ज्याला त्याला नक्कल करायला मिळाला. खरा गेंडा पाहून आलेली माणसंसुद्धा घरी येऊन चित्रकाराला ड्यूररचं शिंग पाठीवर काढू देत. १७४१ मध्ये क्लारा नावाची गेंडीण बंगालहून हॉलंडला पोचली, तिच्या मालकानं तिला सतरा वर्षं युरोपभर फिरवलं, १७४९ मध्ये पॅरिसला उद्री या चित्रकारानं तिचं मापात माप चित्र रंगवलं, तेव्हा कुठे चिलखत उतरायला लागलं. दोन शतकांहून जास्त काळ एका ठोकळ्यानं सगळ्या युरोपच्या डोळ्यांना दाबून ठेवलं. वुडकटचं सामर्थ्य सांगताना लोक त्याचा रांगडेपणा, त्याचा काळा-पांढरा ठसठशीतपणा सांगतात. मला विचाराल तर त्याचं सामर्थ्य यात आहे: कापलेली रेघ शंका ठेवत नाही, आणि हजार वेळा तशीच येते. खोटंही.

यात ड्यूररला मी खोटारडा म्हणत नाही. पाहायला मिळालं असतं तर तो धावत गेला असता. डिसेंबर १५२० मध्ये झीलंडच्या किनाऱ्याला देवमासा लागल्याची बातमी ऐकून तो कडाक्याच्या थंडीत तिकडे गेला. भरतीनं मासा आधीच ओढून नेला होता, आणि ड्यूरर आजार घेऊन परतला. बिचाऱ्याच्या नशिबी मोठं जनावर पाहणं नव्हतं.

मला राग येतो तो दुसऱ्या एका गोष्टीचा. चित्रावर ए आणि डी ही दोन अक्षरं आहेत; ठोकळा कोरणाऱ्याचं नाव नाही. मोठ्या कामांसाठी ड्यूरर चित्र काढून देत असे आणि कोरणारे वेगळे असत. याच सुमाराला सम्राट माक्सिमिलियनसाठी न्यूरेंबर्गला जी कागदी विजयकमान तयार होत होती, जवळजवळ दोनशे ठोकळ्यांची, माणसाच्या दुप्पट उंचीची, ती हिरोनिमस आंद्रेएच्या कारखान्यात कोरली गेली. आंद्रेएचं नाव अभ्यासकांना ठाऊक आहे, इतरांना नाही. जपानमध्ये होकुसाई आणि हिरोशिगेच्या लाटा-पावसामागेही कोरणारा वेगळा, छापणारा वेगळा, प्रकाशक वेगळा. लाटेच्या टोकाशी फुटलेली ती फेसाची बोटं ब्रशनं काढणं एक आणि लाकडात ठेवणं एक. विसाव्या शतकात चित्रकार स्वतः कोरायला लागले. आपल्याकडे नंदलाल बोस, हरेन दास, मुंबईत अंधेरीला राहून दुष्काळ आणि कामगार कोरणारा चित्तप्रसाद. चांगलंच झालं. पण त्या आधीच्या पाचशे वर्षांतल्या कोरणाऱ्यांची नावं त्यामुळे परत आली नाहीत. गेंड्याचा ठोकळा मात्र त्याच्या मालकापेक्षा टिकला. १६२० च्या सुमाराला अॅम्स्टरडॅममध्ये विलेम यान्सनच्या हाती तो होता. किड्यांनी खाल्लेला, पायांपाशी तडा गेलेला. त्यानं जोडीला दुसरा रंगीत ठोकळा कोरून घेतला आणि परत छापायला सुरुवात केली.

या चित्राच्या प्रती ब्रिटिश म्युझियम आणि न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहेत, आणि त्यांच्या संकेतस्थळांवर चित्र मोठं करून फुकट पाहता येतं. पाहाल तेव्हा शिंगाकडे मागाहून वळा. आधी खांद्याच्या पत्र्याशी जा, जिथे गोलांची दाटी आहे, आणि काळ्या रेघा सोडून मधल्या पांढऱ्या जागा बघा. त्यातला प्रत्येक पांढरा ठिपका कुणीतरी सुरीनं कापून बाहेर काढलेला आहे.